सेलेनियम साठवणाऱ्या वनस्पती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. ‘विषारी मातीत तगणारी झाडं’ हा तास झाला की वर्गात, घरी आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साधारण तेच तेच प्रश्न येतात. दरवेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

सेलेनियम म्हणजे काय? विष की औषध?

दोन्ही. आवर्तसारणीत ३४ व्या क्रमांकाचं हे मूलद्रव्य गंधकाच्या बरोबर खालच्या घरात बसतं. १८१७ साली स्वीडनमध्ये बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाला ते गंधकाम्लाच्या कारखान्यातल्या गाळात सापडलं. आधी त्याला वाटलं हे टेल्युरियम असावं. ते नाव पृथ्वीवरून पडलेलं, म्हणून या नव्या भावंडाला त्याने चंद्राचं ग्रीक नाव दिलं. ते गंधकाच्या गाळात सापडलं, हे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट या शेजारावरच चालते.

माणसाच्या शरीरात सेलेनियमवर चालणारी पंचवीसेक प्रथिनं आहेत. थायरॉइडचं काम त्यांच्याशिवाय नीट होत नाही. आपल्याकडे मोठ्या माणसासाठी दिवसाला ४० मायक्रोग्रॅम पुरे मानतात, आणि ४०० च्या वर रोज जाऊ नये असं अमेरिकेतला आहारशास्त्राचा दंडक सांगतो. ‘लागतं तेवढं’ आणि ‘फार झालं’ यांत फक्त दहा पटींचं अंतर आहे.

सेलेनियम साठवणारी झाडं कोणती?

वाळलेल्या पानाच्या किलोमागे १००० मिलिग्रॅमच्या वर सेलेनियम सापडलं, तर त्या झाडाला अतिसंचयी म्हणतात. आपल्या रोजच्या भाज्या-धान्यांत हा आकडा बहुधा एकाच्याही खाली असतो, त्यावरून फरक किती आहे ते कळेल.

सगळ्यात अभ्यासलेली दोन झाडं पश्चिम अमेरिकेतली आहेत. पहिलं स्टॅनलेया पिन्नाटा. हे मोहरीच्या कुळातलं, उंच पिवळ्या तुऱ्याचं झाड. दुसरं अ‍ॅस्ट्रॅगॅलस बायसल्कॅटस, जे शेंगांच्या कुळातलं, म्हणजे आपल्या हरभऱ्या-तुरीचं दूरचं नातेवाईक. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये नेप्च्युनिया अ‍ॅम्प्लेक्सिकॉलिस आहे. ते लाजाळूच्या गोतावळ्यातलं, आणि त्याच्या कोवळ्या पानांत किलोमागे दहा हजार मिलिग्रॅमच्या वरही सेलेनियम मोजलं गेलं आहे. म्हणजे शंभर ग्रॅम वाळल्या पानांत एक ग्रॅम. चीनमधल्या हुबेई प्रांतात, एन्शी भागात, मोहरीच्याच कुळातली कार्डामाइनची एक जात आहे. आणि अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं ब्राझील नट तर सुक्यामेव्याच्या दुकानातूनच आपल्या घरी येतं.

यांच्या खालच्या पायरीवर मोहरी, सूर्यफूल अशी पिकं येतात. ती शंभर ते हजारच्या दरम्यान पोचू शकतात, पण मातीत सेलेनियम भरपूर असेल तरच.

साध्या झाडाला सेलेनियमचा त्रास का होतो?

कारण ते फसतं.

झाडाला गंधक लागतं आणि ते मातीतून सल्फेटच्या रूपात येतं. मुळांच्या पेशींवर सल्फेट आत घेणारी वाहक प्रथिनं असतात. आता कोरड्या, चुनखडीच्या, हवा खेळती असलेल्या मातीत सेलेनियम बहुतांशी सेलेनेट या रूपात असतं, आणि सेलेनेटची घडण सल्फेटसारखीच असते. भार तोच, आकारात किरकोळ फरक. दारावरच्या माणसाला दोघांतला फरक ओळखता येत नाही. सेलेनेट आत शिरतं.

आत गेल्यावरही चूक कुणाच्या लक्षात येत नाही. सल्फेटपासून सिस्टीन आणि मिथिओनिन ही गंधकाची अमिनो आम्लं बनवणारी यंत्रणा सेलेनेटलाही त्याच पट्ट्यावर ढकलत नेते. पट्ट्याच्या शेवटी सिस्टीनऐवजी सेलेनोसिस्टीन बाहेर पडतं आणि प्रथिनात सिस्टीनच्या जागी ओवलं जातं. शिंप्याने सदऱ्याला सगळी बटणं सारखी लावली, पण त्यातली दोन जराशी मोठी निघाली, तर लांबून काही कळत नाही, पण घालायला गेलं की काजात अडकतं. तसंच हे. सिस्टीन बऱ्याच प्रथिनांत अगदी मोक्याच्या जागी असतं, घडी धरून ठेवायला किंवा लोखंडाचे अणू पकडायला. तिथे परका अणू आला की प्रथिन नीट बसत नाही, काम करत नाही. पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते.

म्हणून ‘सेलेनियम झाडाला जाळतं’ असं कुणी म्हटलं की मला ते खटकतं. हा खरं तर ओळखपरेडीतला घोळ आहे.

मग अतिसंचयी झाडं कशी जगतात?

मुलांना वाटतं, ही झाडं फार ‘स्ट्राँग’ असतील. ताकदीचा इथे संबंध नाही. या झाडांनी हिशेबाची वही वेगळी ठेवली आहे.

मुख्य युक्ती एका विकराची (एन्झाइमची) आहे. हे विकर सेलेनोसिस्टीनला एक मिथाईल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा छोटा तुकडा, चिकटवतं. त्यातून मिथाईल-सेलेनोसिस्टीन तयार होतं, आणि प्रथिनं बांधणारी यंत्रणा ते उचलतच नाही. ‘हा माल वापरायचा नाही’ असा शिक्का मारून तो बाजूला ठेवल्यासारखं होतं. सेलेनियम पेशीत आहे, भरपूर आहे, पण प्रथिनांच्या घरात त्याला प्रवेश नाही. अ‍ॅस्ट्रॅगॅलस बायसल्कॅटसमधलं हे विकर नॉयहीर्ल आणि ब्योक या शास्त्रज्ञांनी १९९६ साली वेगळं काढून दाखवलं.

पुढे त्या विकराचं जनुक मोहरीत घातलं गेलं. मोहरी जास्त सहनशील झाली खरी, पण गंमत अशी की सेलेनाईट (सेलेनियमचं दुसरं रूप, सेलेनेटच्या एक पायरी खालचं) दिलं तेव्हा फरक चांगला दिसला, सेलेनेट दिलं तेव्हा फारसा नाही. सेलेनेटला खालच्या पायऱ्यांवर उतरवणारं पहिलंच विकर मोहरीत कमी पडत होतं. शिक्का मारणारा कारकून तयार बसला होता, पण फाइल त्याच्या टेबलापर्यंत येतच नव्हती. त्या पहिल्या पायरीचं जनुकही सोबत घातल्यावर काम पुढे सरकलं. एका जनुकाने झाड बदलतं असं समजणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून सांगते.

आणखी एक फरक दाराशीच आहे. साध्या झाडाला भरपूर सल्फेट दिलं की सेलेनेटचं शोषण कमी होतं, कारण दार तेच आणि गर्दी सल्फेटची. स्टॅनलेयाच्या बाबतीत मात्र सल्फेट वाढवूनही सेलेनेटचा ओघ तितकासा आटत नाही. सेलेनियम तिथे चुकून आलेलं नसतं, त्याला निवडून आत घेतलेलं असतं.

हे सेलेनियम झाडात नेमकं कुठे असतं?

सगळीकडे सारखं नसतं. क्ष-किरणांच्या तंत्राने पानाचा नकाशा काढला, तर अ‍ॅस्ट्रॅगॅलसमध्ये ते पानावरच्या बारीक केसांत गोळा झालेलं दिसतं आणि स्टॅनलेयात पानाच्या कडेकडेने, वरच्या थरातल्या पेशींच्या रिक्तिकांत (पेशीतल्या साठवणीच्या पिशव्यांत). म्हणजे अळी जिथून कुरतडायला सुरुवात करते, नेमकं तिथे. वर्षभराचा फेराही ठरलेला असतो. वसंतात कोवळ्या पानांत सर्वाधिक, मग उन्हाळ्यात ते फुला-बियांकडे सरकतं.

या झाडांना वास येतो म्हणतात, खरं का?

खरं. लसणीसारखा, जरा कुजकट. ही झाडं सेलेनियमचा काही भाग वायुरूपात हवेत सोडतात, मुख्यतः डायमिथाईल डायसेलेनाईड. लसणीचा उग्रपणा गंधकाच्या संयुगांचा, याचा सेलेनियमच्या. पुन्हा तेच शेजारी.

एवढं विष पोटात ठेवून झाडाला मिळतं काय?

हा माझा आवडता प्रश्न.

कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या एलिझाबेथ पिलॉन-स्मिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. खारीच्या जातकुळीतला, बिळात राहणारा प्रेअरी डॉग सेलेनियमने भरलेली स्टॅनलेया टाळतो, कमी सेलेनियमची खातो. मावा, अळ्या, टोळ यांच्या बाबतीतही असंच दिसलं. एवढंच नाही, अतिसंचयी झाडाखाली पडलेल्या पानांमुळे आजूबाजूची माती सेलेनियमने अधिक भरते आणि सेलेनियम न सोसणाऱ्या शेजाऱ्यांचं बी तिथे नीट रुजत नाही. सहन करणारे शेजारी मात्र त्याच जागी जास्त जोमाने वाढतात, कारण त्यांनाही किडींपासून फुकट संरक्षण मिळतं. मधमाश्या याला अपवाद आहेत. सेलेनियमवाल्या फुलांवरही त्या बिनधास्त बसलेल्या आढळल्या.

पण निसर्गात कुठलंही कुलूप फार दिवस टिकत नाही. कोबी-फ्लॉवर लावणाऱ्या शेतकऱ्यांना चौकोनी ठिपक्यांचा पतंग सांगायला नको. पानाला खिडक्या पाडणारी ती हिरवी अळी. याच पतंगाच्या एका कुळीने स्टॅनलेयावर राहून सेलेनियम पचवायला शिकून घेतलं आहे. साध्या पतंगाची अळी ते पान खाल्लं की मिथाईल गट काढून टाकते, आत पुन्हा सेलेनोसिस्टीन तयार होतं आणि ती मरते. या सरावलेल्या कुळीच्या अळीत मात्र ते मिथाईल-सेलेनोसिस्टीनच राहतं. झाडाने मारलेला शिक्का अळी पुसतच नाही. शिवाय या अळीवर जगणारी एक चिमुकली परजीवी गांधीलमाशीही तिथे सापडली, आणि तिच्या शरीरातही तेच मिथाईल-सेलेनोसिस्टीन मिळालं. एका झाडाच्या युक्तीवर तीन पायऱ्यांचं घर उभं आहे.

म्हणजे या झाडांना सेलेनियम लागतंच, असं समजायचं का?

नाही. उच्च वनस्पतींना सेलेनियम आवश्यक आहे असं सिद्ध झालेलं नाही. १९३० च्या दशकात अ‍ॅस्ट्रॅगॅलस सेलेनियम दिल्यावर फार चांगलं वाढलं आणि लोकांना वाटलं, झालं, सिद्ध झालं. पुढे कळलं की त्या प्रयोगातल्या पोषक द्रावणात फॉस्फेट जास्त होतं, त्याचा झाडाला त्रास होत होता आणि सेलेनियममुळे तो त्रास कमी झाला होता. एकपेशीय शैवालांची गोष्ट वेगळी. क्लॅमिडोमोनास सेलेनियम वापरतं.

जनावरांनी ही झाडं खाल्ली तर?

खुरं आणि केस जातात. यांतली प्रथिनं गंधकावर उभी असतात, म्हणून पहिला मार तिथेच बसतो.

१८५० च्या दशकात मिसुरी नदीकाठच्या फोर्ट रँडल या लष्करी ठाण्यावरच्या मॅडिसन नावाच्या शल्यचिकित्सकाने घोड्यांची आयाळ व शेपटी गळताना आणि खुरं सुजून सुटताना पाहिली आणि ते लिहून ठेवलं. तिथले शेतकरी या रोगाला ‘अल्कली डिसीज’ म्हणायचे, कारण खारं पाणी प्यायल्याने हे होतं अशी त्यांची समजूत होती. पाण्यावरचा आळ निघायला १९३० चं दशक उजाडावं लागलं. साउथ डकोटात कुर्ट फ्रँके यांनी धान्यातल्या सेलेनियमवर बोट ठेवलं आणि शेजारच्या वायोमिंगमध्ये ऑर्व्हिल बीथ यांनी कोणती रानटी झाडं ते साठवतात हे शोधून काढलं.

जनावरं ही झाडं सहसा खात नाहीत, वासामुळे. चारा संपला की खातात. तसं अ‍ॅस्ट्रॅगॅलसच्या काही जातींमुळे जनावरं वेडीपिशी होतात, पण ते दुसऱ्याच एका विषाने. दोन्ही रोगांची गल्लत बऱ्याच जुन्या लेखांत दिसते.

भारतात असा प्रश्न आहे का?

आहे, पंजाबात. नवांशहर (आताचं शहीद भगतसिंग नगर) आणि होशियारपूर जिल्ह्यांच्या सीमेवरच्या काही गावांत जमिनीत सेलेनियम जास्त आहे. शिवालिकच्या टेकड्यांमधून पावसाळ्यात वाहत येणाऱ्या ओढ्यांनी ते गाळातून आणून पसरवलं. वरून भातासाठी उपसलेल्या पाण्यातूनही थोडं थोडं येत राहिलं. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या धिल्लों दांपत्याने या गावांवर दीर्घकाळ काम केलं आहे. तिथल्या म्हशींची खुरं तडकणं, सुटणं, शेपटीचे केस झडणं, माणसांची नखं बिघडणं, हे सगळं त्यांच्या अभ्यासात आहे.

इथे अतिसंचयी रानटी झाडं गुन्हेगार नाहीत. गहू, मका, बरसीम, मोहरी अशी साधी पिकंच जमिनीतलं सेलेनियम चाऱ्यात आणतात. आणि उपायही गंधकाच्या शेजारधर्मातूनच आला. शेतात जिप्सम टाकायचं. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. मुळाच्या दाराशी सल्फेटची गर्दी झाली की सेलेनेटला वाट मिळत नाही, आणि गव्हातलं सेलेनियम खाली येतं. वर दाराची गोष्ट सांगितली ती शेतात अशी उतरते. चोपण जमीन सुधारायला आपल्याकडे जे पोतं आणतात, तेच पोतं.

महाराष्ट्रात यांचे कोणी नातेवाईक आहेत?

नातेवाईक भरपूर. देवळाच्या आवारात कैलासपतीचं झाड पाहिलं असेल, पिंडीवर नागाने फणा धरल्यासारखी फुलं येणारं. ते आणि ब्राझील नट एकाच कुळातले. सह्याद्रीतला कुंभाही त्याच घरचा. क्वीन्सलँडमध्ये सेलेनियम साठवणारी मोरिंडा रेटिक्युलाटा ही आपल्या बारतोंडीची बहीण.

पण कुळावरून गुण ठरवायची आपली सवय इथे चालत नाही. अ‍ॅस्ट्रॅगॅलसच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत, त्यांतल्या सेलेनियम साठवणाऱ्या पंचवीसच्या आसपास. देवळातल्या कैलासपतीला घाबरायचं काही कारण नाही.

मोहरी लावून जमीन साफ करता येते का?

काही प्रमाणात, आणि सावकाश.

कॅलिफोर्नियाच्या सॅन व्होकिन खोऱ्यात शेतातलं निचऱ्याचं पाणी केस्टरसन नावाच्या जलाशयात सोडलं जायचं. त्या पाण्यासोबत जमिनीतलं सेलेनियम येऊन साचत गेलं. १९८३ मध्ये तिथल्या पाणपक्ष्यांच्या घरट्यांत डोळे नसलेली, चोची वेड्यावाकड्या झालेली पिल्लं सापडली. त्यानंतर अमेरिकेत झाडांकरवी सेलेनियम काढण्याच्या कामाला जोर आला. त्यात आघाडीवर होती ब्रासिका जुन्सिया, म्हणजे आपल्या फोडणीतली मोहरी. तिथे तिला ‘भारतीय मोहरी’च म्हणतात. ती झपाट्याने वाढते, पाला भरपूर देते, थोडं सेलेनियम हवेतही सोडते. अतिसंचयी झाडं पानामागे जास्त साठवतात, पण वाढायला मंद, म्हणून एकरी हिशेबात मोहरी त्यांना टक्कर देते. गॅरी बॅन्युएलोस यांनी तिथल्या खारट, सेलेनियमच्या जमिनीत निवडुंगही लावून पाहिला.

कापलेल्या पाल्याचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. जिथे जमिनीत सेलेनियम कमी आहे तिथे तो खत म्हणून किंवा चाऱ्यात मापून वापरता येतो. मला हा भाग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. फिनलंडमध्ये तर जमिनीतच सेलेनियम इतकं कमी की १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खतांत ते मुद्दाम घालतात.

या झाडांवरून युरेनियम शोधत होते, हे खरं?

हो. कोलोरॅडो पठारावरच्या युरेनियमच्या खनिजासोबत सेलेनियम असतं. हेलन कॅनन या भूवैज्ञानिक बाईंनी अ‍ॅस्ट्रॅगॅलसच्या काही जाती कुठे उगवल्या आहेत ते पाहून खनिजाच्या जागा हेरण्याची पद्धत बसवली. आपल्याकडे पाणाड्या उंबर, वारूळ पाहून विहिरीची जागा सांगतो, त्यातलाच प्रकार. इथे मात्र कारण रसायनशास्त्रात सापडतं.

ब्राझील नट रोज किती खावेत?

हा प्रश्न मामींचा. गेल्या दिवाळीत भाच्याने अमेरिकेहून पिशवी आणली, कुणीतरी सांगितलं थायरॉइडला चांगले, आणि मामी सकाळी भिजवलेल्या बदामांसोबत पाच-पाच खाऊ लागल्या.

सहा ते आठ नटांत, म्हणजे साधारण २८ ग्रॅममध्ये, सरासरी ५४४ मायक्रोग्रॅम सेलेनियम धरतात. पाच नट म्हणजे चारशेच्या आसपास, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेच्या उंबरठ्यावर, आणि तेही रोज. शिवाय ही फक्त सरासरी. झाड कुठल्या मातीत उभं होतं त्यावर एकेका नटातला आकडा कितीतरी बदलतो, आणि पिशवीवर ते लिहिलेलं नसतं. अधूनमधून एखादा खायला हरकत नाही. थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून.

याच कुळातलं ‘कोको दे मोनो’ नावाचं फळ व्हेनेझुएलात मिळतं. त्याच्या बिया जास्त खाल्लेल्या लोकांचे केस गळल्याच्या नोंदी केर्देल-व्हेगास या त्वचारोगतज्ज्ञाने १९६० च्या दशकात केल्या. मामींना मी फक्त एवढंच वाचून दाखवलं. त्या दिवसापासून पिशवी फडताळात वरच्या कप्प्यात गेली. उरलेल्या नटांची चिक्की करून सोसायटीत वाटायचा त्यांचा बेत होता, तो मी हाणून पाडला.